खालच्या टोकाची सिक्वेन्स

देवीदासने डबा टेबलावर इतक्या जोरात आपटला की झाकण उडून नितेशच्या वरणात पडलं.

"पत्ते पिसले कोनं?" त्याने विचारलं.

"तुमीच," नितेश म्हणाला आणि झाकण पुसून परत दिलं.

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात चौघं जण होते. देवीदास, नितेश, ललित आणि माल रवाना करणाऱ्या पंचफुलाताई. शनिवारी दोघांनी यायचं, दोघांनी सुट्टी घ्यायची, एवढंच साहेबांचं म्हणणं होतं. कोणी कधी यायचं ते तुमचं तुम्ही बघा. एका शनिवारी देवीदास आणि ताईंना सुट्टी, पुढच्या शनिवारी नितेश आणि ललितला, असं वर्षभर सुरळीत चाललं. मग ललितने मोबाईलवर पाहून ओमाहा नावाचा पोकर शिकून आणला. जेवणाच्या सुट्टीत डाव पडू लागला. पैसे लावायचे नाहीत अशी ताईंनी तंबी दिली, म्हणून शनिवार लावायचं ठरलं. थैल्यांना बांधायच्या टॅगवर प्रत्येकाने आपलं नाव आणि आपल्या सुट्टीच्या शनिवारची तारीख लिहिली. टॅग ज्याने जिंकला, त्याच्या जागी त्या शनिवारी आपण बसायचं.

खेळ अवघड नव्हता. प्रत्येकाच्या हातात चार पत्ते आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच, एकेक करून उघडणारे. आपल्यातले दोनच घ्यायचे, टेबलावरचे तीन घ्यायचे आणि ज्याचे पाच सगळ्यांत भारी जुळतील तो जिंकला. देवीदासचा जीव सिक्वेन्सवर, म्हणजे ओळीने लागणाऱ्या पाच पत्त्यांवर जडला होता. हातात पंजी-छक्की असली आणि टेबलावर सत्ती-अठ्ठी दिसली, की आता नव्वी येणारच, असं त्याला आतून वाटायचं. वाईट म्हणजे ती बरेचदा यायचीही.

आजही आली होती. देवीदासची पंजीपासून नव्वीपर्यंत ओळ लागली आणि त्याने मोठ्या तोऱ्यात टॅग पुढे सरकवला. नितेशने दश्शी आणि गुलाम दाखवले. त्याची ओळ सत्तीपासून गुलामापर्यंत गेली. टॅगही गेला.

"माही सिक्वेन्स लागली का याचीबी लागते," देवीदास फणफणला. "अन् याची मोठीच लागते. हे का खेळनं हाय?"

"पत्त्याईवर कावून चिडता?" पंचफुलाताई म्हणाल्या. "चार जन बसतो, सोळा पत्ते हातात असतात. तुमच्या कामाची नव्वी दुसऱ्याच्याबी कामाची असते ना. दोघंच असलो तं ओळीचं खालचं टोक चालून जाते. चौघात नाई चालत. धराचं तं वरचं टोक धरा, नाई तं पत्ते टाकून डावातून बाहेर व्हा."

"मी पत्ते टाकाले बसलो नाई अथी, ताई."

तो टाकत नव्हता, म्हणूनच सुट्टीचे गेले तीन शनिवार त्याने ऑफिसात काढले होते आणि या शनिवारचा सोडून पुढचे पाच नितेशच्या ड्रॉवरमध्ये पडून होते.

देवीदासची बायको गीतांजली धारणीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. रविवारी एका दिवसात धारणीला जाऊन येणं जमत नसे, त्यामुळे शनिवार गेला की भेट गेली. पत्त्यांचं सांगायची सोय नव्हती. देवीदासने सगळं साहेबांवर ढकललं होतं.

"या शनवारी येता का?" त्या संध्याकाळी तिने फोनवर विचारलं.

"पाहतो. साहेब सोडून नाई राहिले."

"त्याले बायको नाई काय?"

"हाय."

"मंग त्याचा नंबर द्या मले."

"त्याचा फोन बिघडला हाय."

पलीकडून फोन बंद झाला. देवीदासला साहेबांचाच भयंकर राग आला.

शुक्रवारी त्याच्याकडे एकच टॅग उरला होता, उद्याचा. तो खिशात घालून गुपचूप बस धरायची, तर त्याने तो टेबलावर ठेवला. कारण हातात राजा-राणी होती आणि टेबलावर पहिल्या तीनमध्ये गुलाम आणि दश्शी उघडले होते. एक्का येवो की नव्वी, वरचं टोक त्याचंच.

"माहे पत्ते बरे नाईत," म्हणत ताई बाहेर झाल्या. नितेशने स्वतःचा एक टॅग लावला, ललितनेही लावला. चौथा पत्ता दुर्री आली. पाचवी नव्वी.

देवीदास उठून उभा राहिला. "नव्वी ते राजा. याच्यावर आता कोनाचीच जात नाई."

"नाई जात," नितेशने कबूल केलं आणि राजा-राणी दाखवली. ललितनेही राजा-राणीच दाखवली.

ताईंनी तिघांचे पत्ते चष्मा लावून पाहिले. "बरोबरीत सुटलं. ज्याचा टॅग त्याले."

"म्हंजे जन्मात एकदा वरचं टोक धरलं, अन् मले माहाच शनवार भेटला?" देवीदास ओरडला. "ललित, तू कावून बसला होता डावात?"

"माह्यापाशी राजा-राणी होती, दादा."

देवीदास त्याच्याशी दिवसभर बोलला नाही.

शनिवारी सकाळी सहाच्या बसने तो गीतांजलीला न कळवताच निघाला. अकोटच्या पुढे जंगलातल्या रस्त्याने त्याची हाडं खिळखिळी केली आणि मोबाईलची रेंज गेली. दुपारी तो घरी पोचला, तर दाराला कुलूप. शेजारच्या वच्छलाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या.

"तुमी अथी कसे?" त्या म्हणाल्या. "मॅडम तं शाळेत रजा टाकून पहाटंच्या जीपनं अकोल्याले गेल्या. तुमच्या साहेबाले बोलाले."

देवीदास रेंज शोधत स्टँडपर्यंत पळाला. फोन लागला. मागे कोणीतरी हसत होतं.

"कुठं हायेस?"

"तुमच्या खुर्चीवर," गीतांजली म्हणाली. "साहेबाले बोलून झालं. तो बिचारा म्हने, म्या कोनालेच अडवलं नाई. मंग नितेशभाऊनं टॅग दाखवले."

"मी सांगनारच होतो तुले..."

"ललितभाऊनं मले खेळ शिकवला. तुमचे पाचही टॅग म्या जिंकले."

देवीदासची भीती क्षणात पळाली. "कायच्यावर?"

"टॅगामागं दहा पुरनपोळ्या लावल्या. एकबी द्या लागली नाई. वाईट पत्ते आले का टाकून देत गेली मी."

"लय बेस केलं. म्हंजे पाचही शनवारी मी घरी."

"हो. टॅग ज्याच्यापाशी, त्याच्या जागी बसाचं, असंच हाय ना?"

"असंच हाय."

"मंग पाच शनवार माह्या जागी बसा. पानी भरनं, धुनं, दळन, सैपाक अन् साठ वह्या तपासनं. मी रजा टाकून अकोल्याले येत जाईन. नितेशभाऊ म्हनतात, शनवारी दोघंच असतो, डावाले तिसरं मानूस पायजे."

"आजपासून काय?" देवीदासने विचारलं.

"आजचा टॅग तुमचाच हाय. आज तुमाले सुट्टी. किल्ली माह्यापाशी हाय, मी संध्याकाळच्या जीपनं निंगतो."

तो परत येऊन कुलपासमोरच्या पायरीवर बसला. ऊन थेट अंगावर येत होतं.

"साहेबानं सोडलं वाटते आज," वच्छलाबाई तांदूळ पाखडता पाखडता म्हणाल्या.

"सोडलं," देवीदास दात चावत म्हणाला.