लॉनखालची वाळू

लॉनमध्ये तण उगवलं तेव्हा ते हाताने उपटावं, असं बायकोचं म्हणणं पडलं. मी तिच्याकडे दयेने पाहिलं. (लग्नानंतर अशी संधी फार क्वचित मिळते.) कमरेत वाकून तण उपटायचं, तर मी शिकलो कशाला? सरळ दुकानातून तणनाशक घेऊन आलो.

"मारल्यावर दोन दिवस पाणी घालू नका," दुकानदाराने बजावलं.

आता औषध म्हटलं की ते पाण्याबरोबर घ्यायचं, एवढं मलाही कळतं. शिवाय या लॉनखाली पाणी साचू नये म्हणून गेल्या वर्षी मीच हट्टाने वाळूचा जाड थर घातला होता. बादलीभर पाणी ओतलं की बघता बघता गायब! पाहुण्यांना मी ते ओतून दाखवायचो. (हल्ली पाहुणे फाटकातूनच बोलतात.) तेव्हा औषध मारलं आणि लगेच पाइप सोडला. मुळापर्यंत पोचायला नको?

पोचलं. फक्त मुळं लिंबाची होती.

लॉनच्या कडेचं हे लिंबाचं झाड सासऱ्यांनी स्वतः कलम करून लेकीला दिलेलं. यंदा ते पहिल्यांदा फुललं होतं आणि रविवारी सासरे खास ते बघायला येणार होते. त्याची पानं पिवळी पडून वाटीसारखी वळायला लागली. तण मात्र नुसतं पाणी पिऊन तरारलं होतं.

"अहो, लिंबाला काय झालंय?"

"ऊन लागलं असेल."

"आणि फुलं का गळतायत?"

"वारा."

"आणि तुम्हाला एवढा घाम का आलाय?"

"ऊन."

मी तडक दुकान गाठलं.

"पाणी घातलंत?" दुकानदाराने विचारलं.

"थोडंसं. म्हणजे, टाकी संपेपर्यंत."

"खाली जमीन कशी आहे?"

"वाळू. मी स्वतः घातलीय," मी अभिमानाने सांगितलं. (सवय, दुसरं काय!)

त्याने कपाळाला हात लावला. "अहो, मग ते तणाच्या पानांवर थांबलंच नाही. धुऊन वाळूतून खाली गेलं, ते थेट झाडाच्या मुळाशी. आता कृपा करा, काही करू नका."

काही न करणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. विष पातळ करावं म्हणून मी पुन्हा पाइप सोडला. वरच्या वाळूत जे काही उरलंसुरलं होतं, तेही खाली उतरलं. शनिवारी झाडाखाली पानांचा खच पडला.

संध्याकाळी बायको बाहेर आली, तेव्हा मी गळलेली पानं दोऱ्याने फांद्यांना बांधत होतो.

"निदान दोरा तरी हिरवा घ्यायचा," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मात्र मला राहवलं नाही. वाळू, औषध, पाइप, सगळं सांगून टाकलं. ती आत गेली आणि तिने वडिलांना फोन लावला. मी हातात दोरा घेऊन दारात उभा राहिलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"रागावले का गं?"

"नाही. उद्या फावडं घेऊन येतायत. मुळाभोवतीची वाळू काढून माती भरू म्हणाले. झाड वाचेल बहुतेक."

माझ्या जिवात जीव आला. "आणि मला काही निरोप?"

"आहे ना. म्हणाले, जावईबापूंना सांग, पुढच्या वेळी लिंबू मारायला निघा. तण आपोआप मरेल."