रोखून ठेवलेलं पॅकेज

सासऱ्यांचा संगणक बिघडला की पूर्वी फोन यायचा तो थोरल्या जावयांना. थोरले एका गोदामाचे व्यवस्थापक. ते यायचे, संगणक बंद करून पुन्हा चालू करायचे आणि जेवून जायचे. मग धाकटे जावई घरात आले. त्यांनी संगणकावर विंडोजच्या जागी लिनक्स बसवलं आणि संगणकाने बिघडणंच सोडून दिलं. थोरल्यांना विचारतो कोण!

त्या रविवारी थोरले सासुरवाडीला गेले, तेव्हा सासरे टेबलावर निळं लोकरी कापड पसरून उभे होते. सासरे हाडाचे शिंपी. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर ते कोटाचे भाग संगणकावर आखत, कागदांवर छापत, ते कागद जोडून चिकटवत आणि त्याबरहुकूम कापड कापत.

"झकास कापड आहे. कोट कुणाचा?" थोरल्यांनी विचारलं.

सासरे नुसते हसले. सासूबाई म्हणाल्या, "रंग धाकट्यांनी पसंत केलाय हो."

झालं! थोरल्यांच्या पोटात दुखायला लागलं. इतक्या वर्षांत आपल्याला साधा रुमाल नाही, आणि काल आलेल्याला कोट!

"बाबा, हा संगणक अपडेट कोण करतं?"

"धाकटेच करतात, आठवणीने."

"बघू तरी काय करतात ते."

थोरल्यांनी हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली. संगणकाने पासवर्ड मागितला.

"'धाकटे जावई'," सासरे म्हणाले. "मीच ठेवलाय. लक्षात राहतो."

थोरल्यांनी तो दातओठ खात टाइप केला. रागाच्या भरात चुकला, म्हणून पुन्हा टाइप करावा लागला.

सॉफ्टवेअरची नवी पॅकेजेस भराभर उतरली. शेवटी ओळ आली, एक पॅकेज रोखून ठेवलं आहे. थोरल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"अर्धवट काम! प्रिंटरचं पॅकेज जुनंच ठेवलंय, बघा."

"मुद्दाम ठेवलं असेल त्यांनी."

"जुनं कोण मुद्दाम ठेवतं? आळस, दुसरं काय!"

इंटरनेटवर शोधून त्यांनी ते पॅकेज मोकळं केलं, नवं बसवलं आणि "आता एकही बाकी नाही" हे सासूबाईंना दोनदा ऐकवलं. वर कोटाचे सगळे कागदही स्वतःच छापून दिले. सासऱ्यांनी ते जोडले आणि कात्री चालवली.

पुढच्या रविवारी सगळे जमले. सासऱ्यांनी शिवलेला कोट आणला आणि थेट थोरल्यांपुढे धरला.

"घाला. तुमच्यासाठीच आहे. मापाला तुमचा जुना कोट पोरीने गुपचूप आणून दिला होता."

थोरल्यांना गहिवरून आलं. त्यांनी हात घातले. खांदे कसेबसे आत गेले, पण बटणं आणि काजं काही भेटेनात.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. "हात गेला माझा," ते पुटपुटले. "आता शिवण बंद केलेलं बरं."

तेवढ्यात, शंका येऊन आतल्या खोलीत संगणक तपासायला गेलेले धाकटे परत आले. त्यांनी थोरल्यांना बाजूला घेतलं.

"दादा, ते पॅकेज मी रोखलं होतं. नवं आलंय ना, ते प्रत्येक कागद जरासा आखडून छापतं. एका कागदात कळत नाही, पण सगळे जोडले की अख्खा कोट आखडतो. कुणी मोकळं केलं?"

थोरले पेचात पडले. सांगावं तर धाकट्यांपुढे नाक कापलं जाणार, आणि न सांगावं तर म्हाताऱ्याच्या हातची कात्री सुटणार. शेवटी त्यांनी छाती घट्ट केली.

"बाबा, हात तुमचा नाही गेला. खरं म्हणजे मीच..."

"वजन वाढलंय दादांचं!" धाकटे मध्येच मोठ्याने म्हणाले. "ते लाजतायत सांगायला."

सगळ्यांची नजर थोरल्यांच्या पोटाकडे गेली. सासऱ्यांचा चेहरा खुलला. "अहो, मग तसं सांगायचं की!"

"मी कधीची म्हणतेय!" थोरल्यांची बायको कडाडली. "उद्यापासून गोड बंद, तळलेलं बंद."

कोट धाकट्यांनी घालून पाहिला. अंगावरच बेतल्यासारखा बसला. सासूबाईंनी त्यांना चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. थोरल्यांच्या जवळून जाताना धाकटे हळूच म्हणाले, "जुनं पॅकेज परत बसवलंय मी. काळजी नको."

थोरले कसनुसं हसले. कोट गेला, तो एक वेळ सोसला असता. पण हा माणूस स्वभावानेही चांगला निघाला, आता त्याच्यावर जळायचं तरी कसं?