भिलाआप्पा आधी उलटं करून बघतात

भिलाआप्पांच्या हातात काहीही द्या, ते आधी उलटं करतात. लग्नाची पत्रिका दिली, उलटी. बशी दिली, उलटी. त्या वेळी तिच्यात चहा नसावा ही काळजी आपण घ्यायची. आमचा नवा सोफा आला तेव्हा त्याची उशी उलटून, मागची शिवण पाहून मगच ते टेकले. "उलटं करीसन देखा, सर," हे मला दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागतं. सुरतेच्या गोडादऱ्यात आमची भिंतीला भिंत लागून घरं. मी शाळामास्तर, उपदेश करण्याचा पगार घेणारा. आप्पांचा मात्र फुकट ऐकून घेतो.

ही खोड धंद्यातून आली. अमळनेरकडून तरुणपणी सुरतेत आले आणि कपडा मार्केटमधल्या एका पेढीवर साड्या तपासायला, घड्या घालायला लागले, ते थेट निवृत्त होईपर्यंत. कापडाची खरी जात उलट्या बाजूला कळते. तिथलं दुसरं ज्ञान त्याहून मोठं. एकाच ताग्यातल्या अर्ध्या साड्यांना साधं लेबल लागायचं आणि अर्ध्यांना सोनेरी. सोनेरीवाल्या दुप्पट भावानं जायच्या. "माल तोच शे, लेबल बदलेल शे," आप्पा डोळे मिचकावून सांगतात. ती लेबलं चिकटवणारे हात त्यांचेच.

दोन वर्षांपूर्वी कमलमावशींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, किडनीचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, ही गोळी रोज न चुकता घेतली तर डायलिसिस लांब ठेवता येईल. गोळीचा भाव ऐकून आप्पांनी खोकं उलटं केलं. मागंही तोच भाव होता.

मग माणूस पेटला. सरकारी कार्ड घेऊन गेले, तर कळलं की ते दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं, रोजच्या गोळीला नाही. आप्पांनी तिथल्या तिथं कार्डही उलटं करून पाहिलं म्हणे. कतारगामच्या एका ट्रस्टच्या औषधदुकानात गेले, तिथं थोडी सूट मिळाली. शेवटी मला गोळ्यांच्या पट्टीच्या पाठीवरचं बारीक इंग्रजी वाचायला लावलं. आतल्या औषधाचं नाव मी कागदावर लिहून दिलं, ते घेऊन ते जेनेरिक दुकानात पोचले. तेच औषध, तेवढ्याच ताकदीचं, चौथ्या हिश्श्यात! तरी माणूस तपासनीस. गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांपुढं ठेवली. डॉक्टर हसून गुजरातीत म्हणाले, "काका, चालशे. पण दर महिने रिपोर्ट करावजो."

अडचण घरात निघाली. मावशी म्हणाल्या, "स्वस्तातलं औषध मी पोटात घालणार नाही. सेलची साडी एका धुण्यात जाते, मला नका शिकवू." आप्पांनी दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला जुना कारागीर जागा झाला. महागड्या गोळीचं हिरव्या पट्ट्याचं रिकामं खोकं त्यांनी ठेवलेलं होतंच. त्यात जेनेरिकच्या पट्ट्या सरकवल्या. मावशींना इंग्रजी येत नाही, त्या खोकं ओळखतात. मला सांगताना आप्पांच्या मिशा आनंदानं थरथरत होत्या.

महिन्यानं रिपोर्ट आला आणि किडनीचा आकडा चढलेला निघाला.

आप्पा माझ्या ओट्यावर येऊन बसले. हातातला रिपोर्ट त्यांनी उलटा केला नव्हता. "सर," ते म्हणाले, "मी तिला हलका माल खाऊ घातला का हो?" पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालात खोट काढणारा माणूस आज स्वतःवर संशय घेऊन बसला होता. मला त्यांची फार दया आली.

डॉक्टरांना दाखवायला त्यांनी ते खोकं आणलं होतं. चोरी उघडी पडेल म्हणून घरातल्या या एका वस्तूला त्यांनी महिनाभर हात लावला नव्हता. आता सवयीनं पट्टी बाहेर काढून उलटी केली. मागचा चंदेरी कागद एक सोडून एक ठिकाणी शाबूत होता. दुसरी पट्टी पाहिली, तिसरी पाहिली. तीस गोळ्यांतल्या पंधरा जागच्या जागी!

आम्ही दोघंही तसेच आप्पांच्या घरात गेलो. मावशी मेथी निवडत होत्या. पट्ट्या पाहून त्यांनी मान खाली घातली. "इतकी महाग गोळी," त्या म्हणाल्या, "एक दिवस आड घेतली तर तुम्हांला तेवढाच हात मोकळा. आणखी किती वणवण करणार?"

आप्पांनी सगळं कबूल केलं. खोकं जुनं, गोळी जेनेरिक, भाव चौथा हिस्सा. मला वाटलं, आता मेथीची जुडी आप्पांच्या डोक्यात बसणार. पण मावशी उठल्या आणि कपाटातून जांभळी साडी काढून आणली. मुलीच्या लग्नात आप्पांनी मोठ्या तोऱ्यात दिलेली, सोनेरी लेबलाची. त्यांनी पदर उलटा करून नवऱ्यापुढं धरला.

"साडी साधीच शे, माले मालूम व्हतं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी."

आप्पांनी पदर बोटांत धरून पाहिला.

"लेबल किती नीट चिकटवलं होतं तुम्ही. म्हणून बोलले नाही कधी. पण साडी अंगावर नेसायची असते, ही गोळी पोटात जाते. इथं मला खरं सांगत जा."

डॉक्टर दोघांनाही रागावले आणि गोळी तीच ठेवली. पुढच्या महिन्यात आकडा फारसा उतरला नाही, पण चढायचा थांबला. तो रिपोर्ट आणायला मावशी ती जांभळी साडी नेसून गेल्या होत्या.

आता हिरव्या पट्ट्याचं खोकं त्या घरात नाही. रोज सकाळी चहाच्या आधी आप्पा गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन समोर उभे राहतात, आणि मावशी गिळेपर्यंत हलत नाहीत. पट्टी संपली की भिंतीपलीकडून मला हाक येते. मी गेलो की ते ती रिकामी पट्टी माझ्या हातात देतात. पाठीमागं दहाच्या दहा ठिकाणी कागद फुटलेला असतो. मला ते ठाऊक असतं, आप्पांना ठाऊक असतं. तरी डोळे पुसत ते म्हणतातच,

"उलटं करीसन देखा, सर."