लाकूड वाजवून बघणारे मनसारामभाऊ

एका होळीला आमच्या मोहल्ल्यात काळाकुट्ट धूर निघाला आणि जळक्या ऑइलचा वास अर्ध्या चिचगडात पसरला. ते लाकूड कोणी आणलं, यावर लोक कितीतरी दिवस बोलत होते. ते मी आणलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मी शाळेत मास्तर. माझ्यावर संशय घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

पण ते लाकूड कळायचं, तर आधी मनसारामभाऊ कळले पाहिजेत.

मनसारामभाऊ माझे शेजारी. बसस्टँडजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. लाकूड दिसलं की वाजवून बघायचं, ही त्यांची सवय. बोटांच्या पेरांनी टकटक करायची, कान लावायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. लग्नात नवरदेवाच्या आधी मांडवाच्या खांबाला भेटायचे. एकदा आम्ही दोघं एका मयतीला गेलो होतो. अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं. भाऊ खाली बसले, बांबू वाजवला, कान लावला आणि म्हणाले, "पक्का हाये. न्या." घरचे लोक इतके हबकले की क्षणभर रडायचे थांबले. मी भाऊंना हाताला धरून बाहेर आणलं, तर रस्त्यात मलाच म्हणतात, "लोक वरवर पाह्यतात जी. पायवा पाहा गुरुजी, पायवा." पायवा म्हणजे पाया.

त्यांचे निम्मे निकाल चुकायचे, हेही सांगून ठेवतो.

मोठा धक्का मला एका दिवाळीच्या सकाळी बसला. मी कुंपणापाशी दात घासत उभा होतो. कुंपणापलीकडे भाऊंची वाडी, म्हणजे घरामागची मोकळी जागा. त्या कुंपणाच्या वर अचानक एक पोरगी आली. सायकलसकट. दोन्ही चाकं हवेत. क्षणभर ती तिथंच राहिल्यासारखी वाटली आणि मग दिसेनाशी झाली. तोंडातला फेस मी गिळून टाकला.

ती भाऊंची शीतल. पुण्याला शिकायला होती. तिथं जाड टायरच्या सायकली मातीच्या टेकाडांवरून उडवायचा नाद तिला लागला होता. सायकल रेल्वेनं गोंदियापर्यंत आणि पुढं एसटीच्या टपावर टाकून तिनं गावी आणली. आणि टेकाडं बांधली बापानं. तिनं फोनवर उंची आणि उतार सांगायचा, भाऊंनी दुकान बंद करून वाडीत खपायचं. खाली वाजवून निवडलेले दोन ओंडके, त्यांच्या फटीवर तिसरा, वर मुरूम, वर माती, मग पाणी मारून धुम्मसानं ठोकायचं. ओंडके आपल्याच शेतातल्या पडलेल्या झाडांचे. उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून त्यांना जळकं ऑइल चोपडायचे. ते देवरीला जाऊन हायवेवरच्या गॅरेजांतून डब्यानं आणायचे.

गाव हादरलं. कोणी म्हणे बुढा चळला, कोणी म्हणे पोरीचे हातपाय मोडून बसेल. एक बाई तर टेकाड पाहून हात जोडून बसली, कुंकू लावलं, नारळ ठेवला. भाऊंच्या घरात बुद्धाच्या फोटोशिवाय दुसरा फोटो नाही. तिचं होईपर्यंत ते बाजूला उभे राहिले आणि मग नारळ तिच्या घरी नेऊन दिला. "बाई, आमचं टेकाड नारळ खात नाही. चटणी करा."

गंमत म्हणजे भाऊ स्वतः उतार आला की सायकलवरून खाली उतरायचे. शीतल येणार असली की वाडीत दरवेळी एक नवीन टेकाड, आधीच्यापेक्षा थोडं मोठं. हे कशासाठी, ते मला फार उशिरा कळलं.

आता माझ्या दाराची गोष्ट. मी घर वाढवलं, पुढं सागवानी दार बसवलं. वास्तूला सासुरवाडीची माणसं आली होती, शाळेतले सगळे होते. भाऊंनी दार वाजवलं. कान लावला. "गुरुजी, खालून पोकळ हाये. कोणी टोपी घातली तुमाले?" लोक पोट धरून हसले. माझे सासरे सगळ्यांत जास्त. ते दार आजही ठणठणीत आहे. पण ते हसू माझ्या अंगात काट्यासारखं रुतून राहिलं.

आमच्याकडे होळीला लाकूड चोरून आणायचं असतं. ज्याचं गेलं त्यानं हसून सोडायचं, तक्रार करायची नाही. मोहल्ल्यातली पोरं मला डिवचत होती, "गुरुजी, दरसाल नुसती पूजा सांगता. लाकूड कधी आणसान?" होळीच्या आदल्या दुपारी भाऊ दुकानात होते. मी त्यांच्या वाडीत शिरलो. सगळ्यांत मोठ्या, नव्या टेकाडाच्या मागून खालच्या ओंडक्याचं टोक बाहेर आलेलं होतं. ते धरून हलवलं, ओढलं. ओंडका निघाला. वरची माती जशीच्या तशी राहिली. भोकात मी पायानं माती लोटली आणि ओंडका माझ्या गोठ्यात नेऊन टाकला. एका ओंडक्यानं काय होतं, असं मी मनाशी म्हणालो. खरं सांगायचं तर तेवढंही म्हणालो नाही. होळीत आपला ओंडका पाहून भाऊंचं तोंड कसं होईल, एवढंच डोळ्यांपुढं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीतल दोन मैत्रिणींना घेऊन आली. मी चहाची कपबशी घेऊन कुंपणापाशी गेलो. ती हेल्मेट बांधून सायकलवर बसलेली. तेव्हा भाऊंनी हँडल धरलं.

"थांब. आधी मी."

"बाबा, तुम्ही तर उतारावर उतरता," ती हसली.

"तू याच्या आधी दर टेकाडावरून मीच जातो. पाहाटेचा, कोणी पाह्यत नसते तवा. या खेपेले माती ओली होती, राहून गेलं."

आम्ही सगळेच थक्क. तो उताराला भिणारा माणूस इतकी वर्षं लेकीच्या आधी एकटा उड्या मारत होता. शीतलनं उतरून सायकल त्यांच्या हातात दिली.

मी ओरडायला हवं होतं. "थांबा" एवढा एक शब्द. तो माझ्या तोंडापर्यंत आला होता. पण मग का थांबा, ते सांगावं लागलं असतं, पाहुण्यांसमोर, शीतलसमोर. मी चहाचा घोट घेतला.

भाऊ डोळे बारीक करून निघाले. पुढचं चाक टेकाडावर चढलं आणि माती आत बसली. सायकल जागीच थांबली, भाऊ पुढं गेले. त्यांचा उजवा हात आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, आणि सांज पडताच मी तो ओंडका होळीत टाकला. हौस म्हणून नाही. तो गोठ्यात कोणाला दिसू नये म्हणून. काळा धूर तो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. शीतल औषध आणायला गेली होती. भाऊ छताकडे पाहत होते.

"लाकडाले दोष नाही जी. माहाच कान चुकला. पोरगी असती तं त्याच्यावर?"

मी संत्रं सोलत होतो. सोलतच राहिलो.

मग हळूच म्हणाले, "टेकाड असलं का पोरगी येते, गुरुजी. नाहीतं पुण्याहून चिचगडले कायले येईन कोणी? तिची माय असती तं गोष्ट येगळी होती."

हात बरा झाल्यावर त्यांनी सगळी टेकाडं फोडून सपाट केली आणि तिथं तूर पेरली. शीतलनं पुन्हा बांधा म्हणून फार आग्रह केला. ते म्हणाले, आता मले लाकडाचं ऐकू येत नाही. ती अजून येते. सायकल आणत नाही. आली की एक दिवस राहते, दुसऱ्या दिवसाची गाडी पकडते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. भाऊ मांडवात आले, खांबाजवळ उभे राहिले. मी लांबून पाहत होतो. त्यांचा हात वर गेला, बोटं वळली. मग त्यांनी तो हात खाली घेतला आणि खिशात घातला.

आमच्या दोघांच्या मध्ये फक्त एक कुंपण आहे. ते ओलांडून जायचं आणि सांगायचं, की ओंडका मी काढला होता, त्या खेपेला तुमचा कान चुकला नव्हता. हे मी त्यांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.