बनुबाईंचा पहिला आठवडा

"व्रत मोडलं की पयल्यापासनं धरायचं. मधनं जोडलेलं पावत न्हाई," असं सासूबाईंनी लग्नाच्या वर्षीच बजावलं होतं. कुंडलच्या बनुबाईंनी तीस वर्षं ते पाळलं आणि पुढं व्यायामालाही तोच नियम लावला.

व्यायामाचं निमित्त नवसाचं. नातू झाला तर त्याला कडेवर घेऊन देवीच्या दोनशे पायऱ्या चढीन, असं त्या बोलून बसल्या होत्या. जयराज झाला, सहा किलोंचा झाला, आणि त्याला उचलताना बनुबाईंच्या कमरेनंच हात टेकले. जावळ चैत्रात, नवसही तेव्हाच फेडायचा. तोवर अंगात ताकद आणणं भाग होतं.

मालक हंबीरराव पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी जवानांचा व्यायाम दिला. दुसऱ्या दिवशीची पूजा बनुबाईंनी उभ्यानं केली. खाली बसल्या असत्या तर उठवायला ट्रॅक्टर लागला असता! सून क्रांतीनं मोबाईलवर एक दाखवला. त्यातला माणूस उघडा, म्हणून तो बाद. शेवटी पलूसच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी नवशिक्यांचा कागद दिला: बारा आठवडे, आठवड्याला तीन वार, वजन थोडं थोडं वाढवायचं. ठरलेले आठवडे, ठरलेले वार! बनुबाईंना तो एकदम घरचा वाटला. हळदकुंकू लावून त्यांनी कागद देवघरात ठेवला आणि पाण्याच्या दोन बाटल्या उचलल्या.

पण भावकी मोठी. दुसऱ्याच आठवड्यात चुलतसासरे गेले, सुतक. पुन्हा पहिल्यापासून. मग फलटणच्या जावेला नातू झाला, सोयर. पुन्हा पहिल्यापासून. मग ग्रहण.

पाच महिन्यांनी बनुबाई त्याच बाटल्यांवर होत्या आणि जयराज नऊ किलोंवर.

"व्यायाम तू करतीस का पोरगं?" हंबीररावांनी विचारलं.

शेवटी क्रांतीनं मॅडमना फोन लावून दिला. कितवा आठवडा चाललाय, असं त्यांनी विचारलं.

"पयला," बनुबाई म्हणाल्या आणि सगळी हकिकत सांगितली.

"काकू, दिवस चुकला तर चुकू दे. जिथं थांबलात तिथनं पुढं धरा."

"आन् उद्यापन?"

"ते नसतं. हे जन्मभर करायचं."

बनुबाईंनी फोन सुनेकडे दिला. मोडतही नाही आणि संपतही नाही, असलं कडक व्रत सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं.

चैत्रापर्यंत बाटल्यांच्या जागी कारखान्याच्या साखरेच्या पाच-पाच किलोंच्या पिशव्या आल्या. जावळाच्या दिवशी देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी मात्र अकरा किलोंचा, नुकताच चालायला लागलेला जयराज खाली उतरायला पाय झाडू लागला. चढू दे की त्याला थोडं, असं क्रांतीही म्हणाली.

"नवस माजा हाय, त्येचा न्हाई," बनुबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, नातवाला कडेवर पक्कं धरलं आणि देवीचं नाव घेत पायरीवर पाऊल ठेवलं.