मधला खिळा

आबांच्या सदऱ्याच्या खिशात कायम खिळे असतात. नमस्काराला वाकले की खिसा वाजतो. तुंगार्लीत आमच्या शेजारच्या बंगल्याची ते राखण करतात, पण जीव सगळा चित्रांची प्रदर्शनं भरवण्यात. माझा चित्रकलेशी संबंध कॅलेंडरपुरता. तरी या गृहस्थानं दर वेळी मला शिडी धरायला लावलंय.

पहिलं प्रदर्शन लोहगडवाडीला, त्यांच्या भावाच्या गोठ्यात. तिथं म्हशीनं चित्रातलं एक अख्खं तळं चाटून साफ केलं. दुसरं वडगावला, सलूनमध्ये. गिऱ्हाइकं चित्रं बघायला माना वळवायची आणि वस्तरा धरलेला सलूनवाला घामाघूम! शेवटी त्यानं हात जोडले. आबांनी शांतपणे खिळे उपटून खिशात टाकले. "भिंत त्यांची, खिळा आपला," हे त्यांचं पालुपद.

मग बंगल्याचं गॅरेज मिळालं. मालक दर शुक्रवारी गाडी घेऊन येणार, म्हणून प्रदर्शन सोमवार ते गुरुवार. मावळातल्या कुणीही यावं, आपलं चित्र टांगावं, आबांचा चहा प्यावा. मधला खिळा मात्र रिकामा ठेवायचा. एकदा मी त्याला छत्री अडकवली, तर अंगावरच आले की माझ्या!

गेल्या महिन्यात बंगला विकला गेला. शेवटच्या गुरुवारी मी वैतागून विचारलं, "आबा, आता तरी सांगा, तो खिळा कुणाचा?"

"आमच्या लेकीचा, नंदाचा. पोरगी लय झ्याक चित्रं काढायची. पुन्याला घिऊन गेलती. तितल्या हॉलवाल्यानं गुंडाळी सोडून बगितली बी न्हाई. तवापासनं ब्रशला हात लावला न्हाई तिनं. म्हनलं, आपली भिंत आसली तर कवातरी काढंल. इतकी वर्सं बोलावतोय, येत न्हाई. आज येते म्हनलीया."

मला माझ्या छत्रीची लाज वाटली.

संध्याकाळी नंदा आली. तळेगावच्या कंपनीतून थेट, दमलेली. हातात चित्रबित्र काही नाही. "आबा, आधी चहा द्या," म्हणत तिनं खांद्यावरची पर्स काढली आणि सरळ मधल्या खिळ्याला अडकवली.

झालं! आता आबा खेकसणार, म्हणून मी पुढं झालो.

पण आबा हात मागं बांधून पर्ससमोर उभे राहिले, चित्रासमोर उभे राहतात तसे. मग दोन पावलं मागं सरले, मान जरा तिरपी केली.

"झ्याक दिसतंय," म्हणाले.

"काय ते?" नंदा हसली. मग तिनं दोन्ही बाजूंची चित्रं बघितली, मधली आपली पर्स बघितली, आणि तिचे डोळे भरून आले. मलाही भडभडून आलं, खोटं कशाला सांगू!

बाकीचे खिळे आम्ही उपटले. चहाही पिऊन झाला. पण पर्स काढू द्यायला आबा काही तयार होईनात.