हुसेन सारंग मुलाखत घेतो

टीव्हीतल्या माणसाने सलाम केला की आमच्या खोलीतला हुसेन सारंग उभा राहून त्याला उत्तर देतो. तेही पुटपुटून नाही. शेजारच्या खोलीतले मल्याळी लोक पण दचकून 'वालेकुम' म्हणतात, एवढ्या आवाजात.

दर शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर हा अरबी कार्यक्रम लागतो. वीसेक वर्षं तरी चालू असेल. एक जाड भुवयांचा निवेदक, त्याच्यासमोर खुर्ची, आणि खुर्चीत दर आठवड्याला नवा माणूस. कधी डॉक्टर, कधी कवी, कधी उंटांचा व्यापारी. निवेदकाच्या भुवया आमच्यादेखत पांढऱ्या झाल्या. शुक्रवारी हुसेन इस्त्रीचा सदरा घालतो, अत्तर लावतो आणि खाट सोडून खुर्चीवर ताठ बसतो. तेवढा वेळ टीव्हीकडे पाय करून कुणी लोळायचं नाही.

"पाहुणा आलाय घरात, नि तंगड्या काय पसरतोस?"

"अरे, तो काचेच्या आत आहे," मी म्हणतो.

"तो आत असेल. तू बाहेर आहेस ना?"

रियाधच्या बत्हा मोहल्ल्यात आमची ही खोली. मी अरबांचे पायघोळ थोब शिवतो, हुसेन लोकांचे एसी दुरुस्त करतो. गावाकडे आम्ही एकाच खाडीच्या समोरासमोरच्या काठांवरचे, म्हणजे भांडण जन्माआधीचं. मी दुसरीपर्यंत शिकलो, तेवढं मला पुरलं. हुसेन सातवी झाला आणि त्याची ती खाज अजून गेलेली नाही.

त्याला अरबी येतं ते कामापुरतं. यल्ला, खलास, गॅस संपलाय, उद्या येतो. निवेदक बोलतो ते पुस्तकी. त्यातलं चार आणे हुसेनला कळतं, बारा आणे तो पदरचं घालतो.

"आता हा बापाबद्दल बोलतोय बघ, सुलेमानभाय."

"कशावरून?"

"पेला उचलला, पण प्याला नाय. बापाचं नाव निघालं की माणसाच्या घशाखाली पाणी उतरत नाय."

मला विचाराल तर त्याच्यानंतर लागतात ते समुद्राचे माहितीपट चांगले. तेही वर्षानुवर्षं चाललेत. मासा तोंड उघडतो तो खायला, मोठेपणा सांगायला नाही. पण हुसेनला मासे चालत नाहीत. "त्यांना प्रश्न विचारता येत नाय," म्हणतो.

ह्या प्रश्नांच्या मागे तो का लागला, हे त्याने मला एकदा सांगितलं होतं. त्याला एकच लेक, नसीमा. ती पाळण्यात असताना हा इकडे आला. पुढे दोन वर्षांनी एकदा सुट्टी, ती पण दोन महिन्यांची. बाकी सगळा बाप फोनवर. "बरी आहेस?" "बरी." "जेवलीस?" "जेवले." "आईला दे." पोरीचं शिक्षण झालं, लग्न झालं, तिला मूल झालं, पण बोलणं ह्या चार शब्दांच्या पुढे सरकलं नाही.

"तो भुवयावाला बघ," हुसेन म्हणाला होता. "ओळख ना पाळख, तरी तासाभरात माणूस त्याच्यापुढे मन मोकळं करतो. मला माझ्या पोरीशी एक तास बोलता येत नाय, सुलेमानभाय. मला ती विद्या शिकायचीय."

विद्या शिकायची तर सराव हवा. तो त्याने अख्ख्या बत्ह्यावर केला. त्याची पद्धत ठरलेली. आधी दोन इकडचे तिकडचे प्रश्न, मग मान तिरकी करून, "जरा मागे जाऊ या. तुमचं बालपण कसं गेलं?" आणि मग गप्प बसायचं. "विचारून झालं की तोंड बंद," हे तो मला पन्नासदा सांगतो. स्वतःचं तोंड एरवी कधी बंद नसतं, ते सोडा.

एकदा चौकात पोलिसाने आम्हाला अडवलं. "इकामा," म्हणाला, म्हणजे इथे राहायचा परवाना. मी मुकाट्याने खिशात हात घातला. हुसेनने इकामा पुढे धरला आणि मोडक्या अरबीत विचारलं, "साहेब, गाव कुठलं? लहानपणी काय करायचात?" मला वाटलं, आता आमची वरात ठाण्यात. पण पोलीस गाडीला टेकला. डोंगरातलं गाव, आजी, आजीच्या शेळ्या, एका शेळीचं तर नावसुद्धा सांगितलं त्याने. उन्हात अर्धा तास मी त्या शेळीची कहाणी ऐकली. शेवटी त्याने हुसेनचा हात हातात घेतला आणि आम्हाला जायला सांगितलं. इकामा बघायचा राहूनच गेला.

माझ्यावरही त्याने प्रयोग केला. मी साफ सांगितलं, "माझं बालपण माझ्यापाशी आहे, बरं आहे, तिथेच राहू दे." माणसाचं पोट म्हणजे काय दुकान आहे, कुणीही यावं नि शटर वर करावं?

तर यंदा त्या नसीमाचा नवरा रियाधच्याच एका बँकेत कॉम्प्युटरवर लागला. बायको-पोरीला घेऊन आला, आणि शुक्रवारी सासऱ्याला जेवायला बोलावलं. हुसेनला आठवडाभर झोप नाही. आरशासमोर मान तिरकी करून बघायचा. शेवटी म्हणाला, "तू पण चल. मी अडकलो तर खोक."

"मी काय तुझा हॉर्न आहे?" म्हटलं. पण गेलो.

दार उघडलं. नात झोया सात-आठ वर्षांची. मला बघून आईला म्हणाली, "ममा, हू इज धिस अंकल?" मी सांगितलं, "अंकल नाही, सुलेमानचाचा." तिने मान हलवली आणि पुन्हा अंकलच म्हणाली.

जेवणाला सुरमई होती. नसीमा वाढत होती. "अब्बा, भात घ्या." "घेतो." "तिखट झालंय?" "नाय, बरं आहे." झालं, खलास. आंब्याचा विषय निघाला, तोही दोन वाक्यांत संपला. जावई सभ्य, तो पाण्याच्या पेल्याकडे बघत बसला. मी खोकलो. हुसेनने मान तिरकी केली.

"जरा मागे जाऊ या," तो म्हणाला. "नसीमा, तुझं बालपण कसं गेलं?"

माझा घास हातातच राहिला. जगात कुठला बाप लेकीला हे विचारतो? नसीमा उठली, आत गेली. नळ चालू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ बंद होईना. मी हुसेनकडे बघितलं. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. ओठ घट्ट मिटलेले.

नसीमा सांदणांचं ताट घेऊन बाहेर आली. ते खाली ठेवलं आणि बापासमोर बसली.

"कुठून सांगू?"

"मी नव्हतो तिथून."

"म्हणजे सगळंच की, अब्बा."

"सगळंच सांग."

मग तिने सुरुवात केली. आधी रागातच. "तुम्ही पाठवलेल्या लाल चपला शेळीने खाल्ल्या. आईने फोनवर सांगितलं, पायाला मस्त बसल्या." हुसेन हसला नाही, नुसता पुढे सरकला. "माझा पहिला दात पडला तो मी काड्यापेटीत ठेवला, तुम्हाला दाखवायला. तुम्ही येईपर्यंत पेटी भरत आली. मग मला लाज वाटली आणि सगळे खाडीत टाकून दिले."

"कुठल्या बाजूला?" हुसेनने विचारलं.

"धक्क्याच्या."

"तिथे खोल आहे," तो म्हणाला आणि परत गप्प झाला.

मध्ये आम्ही तिथेच असर पढलो. कार्यक्रमाची वेळ झाली तेव्हा मी घड्याळाकडे बोट दाखवलं, त्याने बघितलंही नाही. झोया बाहुली टाकून आली आणि नानाच्या मांडीवर बसून ऐकायला लागली. आईचे दात खाडीत आहेत, हे तिलाही नवीनच होतं. जावयाने टीव्हीचा रिमोट हळूच उशीखाली सरकवला, आणि मला पोरगा तिथे आवडला.

सूर्य बुडून मगरिबची अजान झाली तेव्हा सांदणं संपली होती, झोया मांडीवर झोपली होती, आणि सांगता सांगता नसीमा अजून तिसरीतच होती.